सेकंडहँड कनेक्टेड एसयूव्ही: गाडी उत्तम, ॲपने मात्र जीव नकोसा केला

इंजिन कोणतं, सनरूफ आहे की नाही, हे तुम्हाला ठाऊकच असतं, त्यात जात नाही. घोडबंदर रोडच्या खड्ड्यांत सस्पेन्शन दणके खात नाही, एसी लगेच गार करतो, मायलेज खिशाला परवडतं. गाडीबद्दल तक्रार नाही. लिहितेय ती ॲपबद्दल. कनेक्टेड गाडी इंटरनेटला जोडलेली असते, कंपनीच्या मोबाइल ॲपवर ती कुठे आहे ते दिसतं.

गाडी वागळे इस्टेटजवळच्या एका डीलरकडून घेतली. मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, आरसी नावावर, विमा नावावर, फास्टॅग नवा. सगळं रीतसर. मग पावसाळ्यात एका रात्री अनोळखी नंबरवरून फोन. "ताई, तुमच्या गाडीचा आधीचा मालक बोलतोय. अलार्म वाजत असल्याचा मेसेज आलाय मला. गाडी कासारवडवलीलाच आहे ना?"

खाली जाऊन पाहिलं, गाडीला काही झालं नव्हतं. पण लिफ्टमध्ये हातपाय गार पडले. ऐरोलीच्या ऑफिसातून मी रात्री किती वाजता सुटते, मुलुंडला आईकडे कोणत्या वारी जाते, गाडी कुठे लावते, हे सगळं इतके महिने त्यांच्या फोनवर दिसत होतं. तिथूनच दरवाजेही उघडता आले असते. माणूस सज्जन, काळजीपोटी फोन केला. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मला हे आजही कळलं नसतं.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "मॅडम, अकाउंट पहिल्या ओनरच्या नावावर आहे. ओटीपी त्यांनाच जाणार." हप्ते मी भरते, आरसीवर नाव माझं, आणि माझी गाडी कुणाला दिसावी हे ठरवणार गाडी विकून मोकळा झालेला माणूस! ते बिचारे ओटीपी द्यायला तयार होते, तरी ॲपमधून गाडी निघेना. कॉल सेंटर दर वेळी नव्याने आरसी मागायचं. शेवटी म्हणाले, नवीन अकाउंटसाठी वर्षाचं सबस्क्रिप्शन भरा, जुनं आपोआप जाईल. मी साफ नकार दिला. माझ्यावरची नजर बंद करायचे पैसे मी का मोजायचे? आधीच्या मालकांची लेखी संमती जोडून कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल केला, तेव्हा कुठे अकाउंट तुटलं. पैसे न भरता.

आणि हा घोळ कंपन्यांना नवीन नाही. आयबीएममधले सुरक्षा-तज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ मध्येच जाहीर सांगितलं होतं की विकून वर्षं झालेली गाडी त्यांच्या ॲपवर अजून दिसते आणि उघडताही येते. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये २५ कार ब्रँडची गोपनीयता धोरणं तपासली, एकही पास झाला नाही. चालकाला स्वतःची माहिती पुसायचा हक्क देतो असं सांगणारे फक्त दोन निघाले, रेनो आणि डाचिया. माहिती कंपनीकडेच राहिली तरी सुरक्षित असते असंही नाही. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती उघड्यावर असल्याचं बाहेर आलं, त्यातल्या साडेचार लाखांहून जास्त गाड्यांचं नेमकं ठिकाणही त्यात होतं.

हे सगळं वाचून गाडीतलं सिमच काढून टाकायचं मी ठरवलं होतं. ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने थांबवलं. ई-सिम टेलिमॅटिक्स युनिटच्या, म्हणजे गाडीची माहिती कंपनीला पाठवणाऱ्या डब्याच्या, आतच असतं, आणि अपघातात एअरबॅग उघडली की मदतीचा एसओएस कॉल तिथूनच जातो. रात्री एकटीने हायवेवरून येणाऱ्या बाईला ती सोय सोडवत नाही. म्हणून मत बदललं. युनिट ठेवलं, एसओएस ठेवलं, लोकेशन शेअरिंग आणि गाडी चालवण्याला गुण देणारा ड्रायव्हिंग स्कोअर बंद केले.

स्कोअर मुद्दाम बंद केला. जोरात ब्रेक मारला की तो गुण कापतो, आणि कापूरबावडीला रिक्षा आडवी आली की ब्रेक मारावाच लागतो. अमेरिकेत जनरल मोटर्सने असाच डेटा मध्यस्थांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जाऊ दिल्याचं २०२४ मध्ये उघडकीस आलं, काहींचे हप्ते वाढले. आपल्याकडेही गाडी चालवायच्या पद्धतीवर विम्याचा हप्ता ठरवायची मुभा विमा नियामक इर्डाने जुलै २०२२ मध्येच दिली आहे.

सेकंडहँड घेणाऱ्यांनो, टोकन देण्याआधी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या ॲपमधून गाडी काढायला लावा. स्क्रीनवरून फॅक्टरी रिसेट केलं एवढ्यावर थांबू नका, त्याने बहुतेकदा फक्त गाडीतलं पुसलं जातं, सर्व्हरवरचं अकाउंट तसंच राहू शकतं. रिसेट मात्र कराच. माझ्या स्क्रीनमध्ये आधीच्या मालकांचे सगळे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता होता. त्यांना सांगून, त्यांच्यासमोरच पुसलं.

गाडीला ५ पैकी साडेचार, ॲपला १.

आता माझ्या जुन्या फेऱ्या सर्व्हरवरून पुसा असा ई-मेल केलाय. कंपनी म्हणते, त्या काळचं अकाउंट तुमचं नव्हतं. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती ज्या व्यक्तीबद्दल असते तिला हक्क आहे, अकाउंट कुणाचं हा प्रश्नच नाही, असं मी उलट लिहिलंय. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होणार आहेत, आणि कंपनी त्याच्याच आड लपतेय. मी तारीख लिहून ठेवली आहे. उत्तर आलं की कळवते.