अ‍ॅम्बेसेडरला इलेक्ट्रॉनिक इग्निशन: रत्नागिरीचा एक पावसाळा काढल्यानंतर

आमची मार्क ४ अ‍ॅम्बेसेडर (१४८९ सीसी, पेट्रोल) मिऱ्याला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर उभी असते. उन्हाळ्यात तिच्या डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) पॉइंट (उघडमीट करणारा छोटा स्विच) आणि कंडेन्सर काढून इलेक्ट्रॉनिक किट बसवलं. आता पाऊस सरला, दिवाळीही झाली.

किट चांगलं आहे. पण खाऱ्या हवेचा त्रास ते अर्धाच मिटवतं.

पॉइंट मिटलेले असताना कॉइलच्या प्रायमरीतून (पहिल्या वेढ्यांतून) करंट वाहतो. डिस्ट्रिब्युटरमध्ये फिरणाऱ्या कॅमचा उंचवटा आला की ते उघडतात, चुंबकीय क्षेत्र झटक्यात कोसळतं आणि सेकंडरीत (दुसऱ्या वेढ्यांत) हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर नसेल तर उघडत्या पॉइंटमध्येच ठिणगी पडून करंट रेंगाळतो आणि प्लगला मिळते ती मरतुकडी ठिणगी. ३००० आरपीएमला चार सिलिंडरच्या इंजिनात हे मिनिटाला ६००० वेळा घडतं, आणि दर वेळी पॉइंटची टाच कॅमवर घासते. टाच झिजली की १५ थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) गॅप कमी होतो, टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडतं. आंबा घाटात जुनी गाडी दम टाकते ती बरेचदा यामुळेच.

किटमध्ये कॅमवर चुंबकांची कडी बसते, सेन्सर ते चुंबक ओळखतो आणि करंट तोडायचं काम ट्रान्झिस्टर करतो. घासणारं काही नाही, त्यामुळे टायमिंग बसवल्यापासून तसूभर हललेलं नाही. आयडलिंग इतकं एकसारखं मी या गाडीत कधी ऐकलं नव्हतं!

कॅप (डिस्ट्रिब्युटरचं झाकण), रोटर (तिच्या आत फिरून एकेका वायरीला करंट देणारा तुकडा) आणि प्लगच्या वायरी मात्र जुन्याच राहतात. आषाढात गाडी मिसिंग करायला लागली, तेव्हा आमच्या मेकॅनिक काकांनी किटला हातही लावला नाही. "आधी कॅप काढ रे," एवढंच म्हणाले. आत दमटपणाने पाणी धरलेलं, आणि दोन टोकांमध्ये केसाएवढी काळी रेघ. प्लगकडे जायचा करंट तिथूनच पळत होता. अशी रेघ उमटली की पुसून भागत नाही, कॅप बदलावी लागते. वायरींसाठी रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. निळसर ठिणग्या दिसल्या तर वायरीही गेल्या समजा. किनाऱ्यावर राहणाऱ्याने किटसोबतच नवी कॅप, रोटर आणि वायरी घ्याव्यात, असं माझं ठाम मत आहे.

अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं आणि स्प्रिंगाही प्लेटखाली पूर्वीच्याच असतात. आपल्याकडे त्या गंजून आखडतात, म्हणून रोटर काढून थेंबभर तेल सोडत जा. इंजिन बंद करून इग्निशन ऑन ठेवू नका, कॉइल आणि मॉड्यूल (किटचा इलेक्ट्रॉनिक भाग) तापून जळू शकतात.

पॉइंट खराब झाले तर पॉलिश पेपरने घासून घर गाठता येतं; मॉड्यूल गेलं तर रस्त्यात कोणी दुरुस्त करून देत नाही. म्हणून जुनी प्लेट पॉइंट-कंडेन्सरसकट, गॅप लावून, प्लास्टिकच्या डब्यात बंद करून डिकीत ठेवली आहे, आणि सोबत १५ थाऊची फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी).