पत्र्याची धान्यकोठी: ऊसवाल्या घरानं तर घ्यावीच

गॅल्व्हनाइझ पत्र्याची ५ क्विंटलची कोठी आम्ही २०१९ला कोल्हापुरातून आणली. आमचं रान कागल तालुक्यात, बहुतेक ऊसच. उसाचं बिल येतं, पण ऊस काही ताटात वाढता येत नाही, म्हणून सासूबाई रानाचा एक तुकडा शाळूला, म्हणजे रब्बी ज्वारीला, ठेवतातच. मार्च २०२०मध्ये लॉकडाऊन लागला, आठवडी बाजार बंद झाला, तेव्हा नुकताच मळलेला शाळू कोठीत होता. वस्तीवरच्या मजूर बायकांनाही त्यातूनच मापून दिला. रेशनवर माणशी ५ किलो मोफत धान्य सुरू झालं, त्याचा मोठा आधार होता. पण भाकरी घरच्या शाळूचीच झाली.

कोठीचं खरं काम पावसाळ्यात कळतं. पोत्यातल्या शाळूला श्रावणापर्यंत पोरकिडा लागायचा. कोठीत धान्य दाताखाली कडकन फुटेल इतकं वाळवून, पूर्ण गार करून भरायचं. गरम भरलं तर आत घाम धरतो, बुरशी येते. मी वाळलेला कडुलिंबाचा पालाही घालते. उंदरांचा त्रास तर संपलाच.

खालची झडप मात्र हलकी आहे, लवकर सैल होते. घेताना उघडझाप करून बघा. आणि कोठी भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळी घाला.