कोकण फॅमिली ट्रिपचं पुस्तक स्वतःच काढलं: किंडल आणि प्रिंट ऑन डिमांड, सहा-सात महिन्यांनंतर

लहान पोरं आणि सत्तरीतले आजी-आजोबा एकत्र घेऊन कोकणात कसं फिरायचं यावर छोटंसं पुस्तक काढलंय, किंडलवर ई-बुक आणि कागदी प्रत प्रिंट ऑन डिमांडने (म्हणजे ऑर्डर आली की तेवढीच प्रत छापायची). दोन्हीतलं काय करावं असं बरेच जण विचारतायत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी किंडल. केडीपीवर (अ‍ॅमेझॉनची स्वतःचं पुस्तक काढायची सोय) मराठी चालतं, खातं फुकट, ई-बुकला आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) पण लागत नाही. पण ७० टक्के रॉयल्टी वाचून हुरळून जाऊ नका, भारतातल्या विक्रीवर ती हवी तर केडीपी सिलेक्ट घ्यावं लागतं, म्हणजे ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच विकायचं नाही, व्हॉट्सॅपवर पीडीएफ देणंही बंद (कागदी पुस्तक मात्र कुठेही विका). वर दर विक्रीमागे फाइल पोचवण्याचा डिलिव्हरी खर्च कापतात, एका एमबीला ७ रुपये. कादंबरीवाल्यांना तो जाणवतही नाही पण आपल्या पुस्तकात फोटो ना! १० एमबीची फाइल म्हणजे ७० रुपये तिथेच गेले, १४९ किंमत ठेवली तर उरलेल्याचे ७० टक्के म्हणजे साधारण ५५, आणि सिलेक्ट न घेता मिळणाऱ्या ३५ टक्केवाल्या पर्यायात हा खर्च कापत नाहीत, तिथे मिळतात ५२. तीन रुपयांसाठी कोण बांधून घेणार! मग सूर्यास्ताचे फोटो सगळे उडवले, जेट्टीचे आणि पायऱ्यांचे ठेवले. आजींना होडीत चढता येईल का ते सूर्यास्त बघून थोडंच कळतं.

ई-बुकचा खरा फायदा वेगळाच आहे, प्रवासाची माहिती फार पटकन शिळी होते. लिहायला घेतलं तेव्हा रेल्वेचं रिझर्व्हेशन १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ च्या पुढे फुकट हे आज आहे, उद्याचं कोणी सांगावं. ई-बुकात ओळ बदलायची, फाइल परत चढवायची, झालं. फक्त ज्यांनी आधीच घेतलंय त्यांच्याकडे ती आपोआप पोचेलच असं नाही.

तरी माझ्याकडे मागणी जास्त कागदी प्रतीलाच आली, कारण ट्रिप ठरवताना पुस्तक घरभर फिरतं आणि आजोबा मोबाइलवर वाचत नाहीत. ऑफसेटला (एकगठ्ठा छपाईला) एका प्रतीचा खर्च बराच कमी पडतो हे खरं, पण त्यासाठी एकदम ५०० वगैरे प्रती घ्यायच्या आणि वर्षभरात भाडी बदलली की त्याच पलंगाखाली. म्हणून असल्या पुस्तकाला प्रिंट ऑन डिमांडच बरं, महाग पडलं तरी. मी भाडी, वेळा, बुकिंगचे नियम सगळे शेवटच्या पानांवर टाकलेत, तेवढीच पानं बदलायची. मधे फक्त टिकाऊ गोष्टी, म्हणजे दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ फेरीबोटीत गाडीसकट चढा, मोठा वळसा वाचतो आणि मागच्या सीटवर ओकाऱ्या काढणाऱ्या पोरांना जरा मोकळा वारा मिळतो. किंवा पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, पोरांना आधीच कबूल करून बसू नका.

छपाईत डोकं खाल्लं ते अक्षरांनी. ज्यांच्याकडून छापलं (नाव नको) त्यांच्या पहिल्या प्रूफ कॉपीत जोडाक्षरं फुटलेली, "दुसऱ्या"मधला र भलतीकडेच, ल आणि श हिंदी वळणाचे. स्क्रीनवर तीच पीडीएफ ठीक दिसत होती, त्यामुळे कागदावरची प्रूफ कॉपी मागवल्याशिवाय होकार देऊच नका. डीटीपीवाल्यांना (मजकूर टाइप करून पानं लावून देणाऱ्यांना) पहिल्याच दिवशी सांगा की युनिकोडमध्येच (सगळीकडे चालणाऱ्या टायपिंगमध्येच) हवंय, नाहीतर जुन्या फाँटमधला मजकूर किंडलला चालत नाही आणि कन्व्हर्ट केला की मुद्रितशोधन पहिल्यापासून.

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा, वेळ लागू शकतो म्हणून लवकर करा. पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या पॅकेजवाल्या कंपनीचा नंबर घेतलात तर प्रकाशक म्हणून नोंद तिची होते. स्वतःच्या नावावर घेतलात तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर ३० दिवसांत कोलकात्याच्या नॅशनल लायब्ररीला आणि ठरलेल्या आणखी ग्रंथालयांना प्रती पाठवायचं काम पण तुमचंच, तेवढ्या प्रती आणि त्यांचं पोस्टेज हिशोबात धरून ठेवा.