थॉमस वॉज अलोन : काही महिने आयतांच्या संगतीत

आधीच सांगते, या गेममधल्या एकाही पात्राला डोळे-नाक-तोंड नाही. थॉमस हा लाल रंगाचा उभा आयत. ख्रिस म्हणजे छोटासा नारिंगी चौकोन. जॉन पिवळा आणि उंच. क्लेअर निळी आणि चांगलीच थोराड. पात्रांची चित्रं म्हणाल तर एवढीच. तरीही गेले काही महिने मी अधूनमधून या मंडळींकडे परत जाते आहे, आणि ख्रिसचा विषय निघाला की माझ्या तोंडून आपोआप 'बिचारा' येतं.

गेम तसा जुना आहे. माइक बिथेल यांनी नोकरी सांभाळून तो घडवला. २०१० मध्ये त्याचं छोटं रूप ब्राउझरमध्ये खेळता यायचं. आज आपण खेळतो तो पूर्ण गेम २०१२ मध्ये संगणकासाठी आला आणि मग कन्सोल, टॅबलेट असा पसरला. दहा-दहा लेव्हलचे दहा गट, म्हणजे एकूण शंभर लेव्हल. प्रत्येक लेव्हलच्या शेवटी ज्याच्या-त्याच्या मापाची पांढरी चौकट असते. सगळे एकाच वेळी आपापल्या चौकटीत उभे राहिले तरच पुढचं दार उघडतं. एकट्याने पोचून काही उपयोग नाही, आणि गेमचा सगळा जीव या एका नियमात आहे.

कारण उड्या प्रत्येकाच्या वेगळ्या. जॉन कुठेही सहज चढतो. ख्रिसला साधी पायरी जड जाते. मग तुम्ही काय करता? थॉमसला भिंतीशी उभं करता, ख्रिसला त्याच्या डोक्यावर चढवता, तिथून जॉनवर, तिथून वर. मग मागे राहिलेल्यांना आणायला पुन्हा खाली. हे इतक्या वेळा करावं लागतं की बोटांना सवय होते: निघण्याआधी मागे बघायचं, कोण राहिलंय का. ख्रिस स्वभावाने कुरकुऱ्या आहे, कुणाची मदत घ्यावी लागते हेच त्याला खुपतं. पण एखादी अरुंद फट आली की तिच्यातून फक्त तोच जातो आणि बाकीचे सगळे बाहेर ताटकळतात. त्या वेळी त्याच्याइतकाच आनंद मला झाला, हे मान्य करायला लाज कसली?

क्लेअरचं उदाहरण तर मला फारच आवडतं. ती जड, संथ, उडी जेमतेम. आपण कुणाच्या कामाचे नाही असंच ती धरून चालते. मग पाणी येतं. त्या पाण्यात बाकी सगळे मरतात आणि ती आरामात तरंगते. बाकीच्यांना पाठीवर घेऊन ती पलीकडे जाते आणि स्वतःला चक्क सुपरहिरो समजू लागते. तिच्या डोक्यात चाललेलं आपल्याला निवेदक ऐकवतो, ते विनोदी आहे. पण तो विनोद पटतो, कारण दोन मिनिटांपूर्वी तिला कसंबसं ढकलत पुढे नेणारे आपणच असतो.

निवेदनाचं श्रेय डॅनी वॉलेस यांचं. त्यासाठी २०१३ मध्ये त्यांना बाफ्टाचा (चित्रपट, टीव्ही आणि गेमसाठी पुरस्कार देणारी ब्रिटिश संस्था) सर्वोत्कृष्ट कलाकाराचा पुरस्कार मिळाला. आवाज गप्पिष्ट आहे, थोडा खट्याळ, आणि कुणाचीही कीव करत नाही. निवेदनाचा मजकूर पडद्यावरही येतो, त्यामुळे इंग्रजी उच्चार निसटले तरी अडत नाही. डेव्हिड हाउसडन यांचं संगीत हळू चढत जातं. हेडफोन लावून ऐका.

दुसऱ्यांदा खेळताना मी मुद्दाम एक खटाटोप केला. आवाज बंद ठेवला आणि मजकुराकडेही शक्य तितकं दुर्लक्ष केलं. भावना सगळी निवेदनामुळे येते की आणखी कशामुळे, हे बघायचं होतं. विनोद अर्थातच गेला. पण लॉराच्या बाबतीत फारसं काही कमी झालं नाही. लॉरा गुलाबी, आडवी, चपटी. तिच्यावर उडी मारली की बाकीचे उंच फेकले जातात, ट्रॅम्पोलिनसारखे. स्वतः ती मात्र उंच जाऊ शकत नाही. म्हणजे प्रत्येक कोड्यात तुम्ही तिचा वापर करता आणि वर निघून जाता. तिला आणायची सोय नंतर बघायची. लोक आपल्याला वापरून जातात ही तिची भीती निवेदक सांगतो खरी, पण तोवर तुम्ही ते स्वतःच्या हाताने केलेलं असतं. आणि तिच्यात जीव गुंततो कुणाचा, तर कुरकुऱ्या ख्रिसचा.

इथून पुढे कथेचा उलगडा आहे. ज्यांनी खेळलेला नाही त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत.

हे आयत म्हणजे एका संगणक प्रणालीत अचानक जागे झालेले प्रोग्रॅम आहेत. थॉमसला एकदा फक्त बारा सेकंद इंटरनेटची जोडणी मिळते आणि बाहेर केवढं मोठं जग आहे हे त्याला कळतं. त्यानंतर तो आणि त्याचे सोबती स्वतःचा बळी देऊन पुढच्यांसाठी वाट तयार करतात. मग नवी पात्रं येतात, करड्या रंगाची. त्यांना स्वतःची खास कला नाही. वाटेत रंगीत पट्टे लागतात. पिवळ्यातून गेलं की जॉनची उडी मिळते, निळ्यातून गेलं की क्लेअरचं तरंगणं. माझ्या मते गेममधली सर्वांत हळवी कल्पना हीच. पहिली मंडळी पडद्यावर कुठेच नसतात, पण तुम्ही उंच उडालात की जॉनच आठवतो.

गंमत अशी की नेमक्या याच टप्प्यावर माझी तक्रारही आहे. नव्या पात्रांशी ओळख व्हायला वेळच मिळत नाही. चारदोन वाक्यांत त्यांची नावं-स्वभाव सांगून होतात आणि शेवट येऊन ठेपतो. या नव्यांतल्याच एका ग्रे नावाच्या पात्राचा डाव चांगला रंगू शकला असता. तो फार घाईत उरकला आहे.

कोडी अवघड नाहीत. डोकं फोडणारं काही हवं असेल तर दुसरीकडे जा. मधल्या काही गटांत तर कोडं सुटलेलं असतं आणि तरी एकेकाला जिन्यासारखं रचत, प्रत्येक वेळी पात्र बदलत, वर न्यावं लागतं. पहिल्यांदा यात मजा येते, दुसऱ्यांदा कंटाळा. खिळ्यांवर पडलात तर लगेच जवळच्या ठिकाणी परत येता, शिक्षा अशी नाही. टचस्क्रीनवर खेळता येतो, पण वेळ साधून मारायच्या उड्यांना बटणंच बरी. कंट्रोलर असेल तर तोच घ्या.

एका दमात संपवायचा प्रयत्न करू नका, एका वेळी एक गट पुरे. नंतर जोडलेला बेंजामिनचा भागही आहे, ज्यात पाठीवर जेटपॅक असतो. कथेच्या काळात तो आधीचा असला तरी मुख्य गेम संपवूनच खेळा. तो उडण्यातली मजा घ्यायचा भाग आहे, आणि कोडी तिथे जरा जास्त कसदार आहेत असं मला वाटलं.