घरचा कोंबडा कापून देणारं दुकान, कोलशेत गाव (४ स्टार)

कोंबड्या पाळायची हौस सगळ्यांना, पण कापायची वेळ आली की जो तो दुसऱ्याकडे बघतो. आमच्या परसात गिरिराज जातीच्या कोंबड्या आहेत, तलंगा (तरुण माद्या) अंड्यांना ठेवतो पण नर चार-पाच महिन्यांचे झाले की एकमेकांना टोचून रक्त काढतात आणि पहाटेपासून बांग, समोरच्या टॉवरवाल्यांची तक्रार ठरलेली. म्हणजे कापावे लागतातच.

गावातलं हे चिकनचं दुकान आपला जिवंत कोंबडा कापून देतं. बाकी ठिकाणी मान कापून सरळ निळ्या पिंपात फेकतात, आत धडाधड आवाज, तो मला सहन होत नाही. इथले मामा आधी पंख अंगाशी दाबून काखेत घेतात, कोंबडा गप्प होतो, मग पत्र्याच्या नरसाळ्यात उलटा आणि एका झटक्यात काम. नंतरची फडफड बघून मुलगा रडायला लागला तर मामा म्हणाले, बाळा त्याला आता काही कळत नाय, नुसत्या नसा हलतात. मलाही ते ऐकून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

"बघायचं नसेल तर चहा पिऊन या ताई" हेही टोमणा न मारता म्हणतात. घरी सासूबाईंचं "जत्रेला कापतोच की, त्यात काय एवढं" आणि नवरा त्या दिवशी हमखास गायब, त्यामुळे हे फार वाटतं. मी थांबते, रोज दाणे मी घातलेत. ज्याला नाही जमत त्याने नाही थांबावं, त्यात लाज कसली. फक्त नरांना नाव देऊ नका! मुलाने एकाला रॉकी म्हणायला सुरुवात केली आणि रस्सा सोडून वरणभात खाल्ला, आम्हीही जबरदस्ती नाही केली.

आदल्या रात्रीपासून दाणा बंद, पाणी चालू, आणि अंधारातच खुराड्यातून काढा, धडपडत नाही. पिसं काढून कातडीसकट भाजून देतात, मस्त. पण लगेच शिजवू नका, चिवट लागतं, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, तोवर आपलंही मन जरा ताळ्यावर येतं.

एक स्टार कापला तो बाहेरच्या ब्रॉयलरच्या पिंजऱ्यांसाठी, खच्चून भरलेले, हलायला जागा नाही, आपल्या कोंबड्यापेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटतं. रविवारी आणि गटारीला घरचं घेत नाहीत. पीस फार बारीक करतात, मोठे हवे तर आधी सांगा, कलेजी-पेटा पण मागून घ्या.