गाडी हिवाळ्यासाठी ठेवायला देताय? हॉलचे फोटो बघून पैसे देऊ नका

श्टुटगार्टच्या आसपास राहणाऱ्या, हौसेनं स्पोर्ट्स कार घेतलेल्या आपल्या मंडळींनी हे ऑक्टोबरच्या आत वाचावं.

इथं थंडीत रस्त्यांवर मीठ टाकतात. ते गाडीच्या खाली जाऊन बसलं की पत्रा, ब्रेकचे पाइप, नटबोल्ट सगळं खातं. म्हणून माझ्या जुन्या पोर्शे बॉक्स्टरला हंगामी नंबरप्लेट आहे. उजव्या कडेला ०४ आणि त्याखाली १०, म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर. एरवी ती चालवायची तर नाहीच, सार्वजनिक रस्त्यावर उभीही करायची नाही. त्यामुळे ऑक्टोबर सरत आला की बंदिस्त जागेसाठी धावाधाव होते, आणि फसवणारे नेमकी हीच वेळ गाठतात.

मी गाडी ठेवायला दिली तो हॉल श्वेबियन आल्ब डोंगररांगेच्या पायथ्याच्या एका गावात होता. कोरडा, स्वच्छ. मालकानं माझ्यासमोर बॅटरीला चार्जर जोडला. एप्रिलपर्यंतचं भाडं आगाऊ आणि रोख घेतलं. किल्लीही ठेवून घेतली, "आग लागली तर गाडी बाहेर काढायला नको का?" म्हणून. शिवाय दर महिन्याला गाडीचा फोटो पाठवायचं कबूल केलं.

त्या फोटोंनीच त्याचं पितळ उघडं पाडलं. डिसेंबर आणि जानेवारी, दोन्ही फोटोंत फरशीवर उन्हाचा तिरपा पट्टा होता, पुढच्या चाकाच्या त्याच नटाला टेकलेला. सगळे फोटो एकाच दिवशी काढून ठेवलेले होते.

न कळवता जाऊन धडकलो. हॉलमध्ये कॅम्परव्हॅन ओळीनं उभ्या होत्या आणि आमच्या गाड्या मागच्या गल्लीत, ताडपत्रीखाली. माझ्या गाडीवरची ताडपत्री उचलली, तर चाकांच्या कमानीत आणि दाराच्या खालच्या कडेला मिठाचा पांढरा थर वाळलेला. बोट फिरवलं की खरखर लागत होती. नुसत्या उभ्या गाडीला एवढं मीठ कुठून लागणार? किलोमीटरचं रीडिंग सोडतानाच्या आकड्यापेक्षा चारशेनं पुढं गेलं होतं, तेही उन्हाळी टायरवर. सात अंशांखाली या टायरचं रबर कडक होतं, पकड कमी होते. कुणाच्या अंगावर गेली असती तर? या विचारानं आजही हात थरथरतात.

करारात त्यानं फक्त 'वाहनासाठी एक जागा' असं लिहिलं होतं. छपराखाली की उघड्यावर, याचा उल्लेख नाही, आणि आता तो त्याच ओळीवर बोट ठेवतोय. खरा धोका विम्याचा आहे. हंगामाबाहेरचं विमा संरक्षण गाडी खोलीत किंवा कुंपणाच्या आत असेल या अटीवर मिळतं. गल्लीतून ती चोरीला गेली असती, तर कंपनीनं हात वर केले असते.

मी पोलिसांत तक्रार दिली. परवानगीशिवाय दुसऱ्याचं वाहन वापरणं हा जर्मन दंडसंहितेच्या कलम २४८ब खाली गुन्हा आहे, पण गाडीच्या मालकानं रीतसर मागणी केली तरच कारवाई होते, आणि ती मागणी गुन्हा कळल्यापासून तीन महिन्यांत करावी लागते. असं कुणाच्या बाबतीत झालं असेल तर बोलाचालीत वेळ घालवू नका.

गाडी देताना 'बंदिस्त हॉल' आणि त्याचा पत्ता करारात लिहून घ्या. रीडिंगच्या आकड्याखाली दोघांच्या सह्या हव्यात. पैसे बँकेतून द्या. सीटखाली ट्रॅकर ठेवा. किल्ली मागितली, तर गाडी फक्त आणीबाणीत आणि तुम्हाला कळवूनच हलवायची, हेही लिहून घ्या. प्रामाणिक मालक यातल्या कशालाच नाही म्हणत नाही. या वर्षी ज्यांच्याकडे गाडी ठेवतोय त्यांनी स्वतःहून रीडिंग लिहून सही केली.

त्या माणसाची जाहिरात मात्र वेगळ्या नावानं परत लागली आहे. फोटो तेच आहेत.