घोडबंदर रोडवर नवा टॉवर: वाहतुकीचा अहवाल एका प्रकल्पापुरता मागायचा की सगळ्यांचा मिळून?

शेजारच्या मोकळ्या प्लॉटला पत्रे लागले की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न येतो: यांच्या गाड्या जाणार कुठून? हरकतीच्या पत्रात हे उत्तर दोन प्रकारे मागता येतं. एक, त्या प्रकल्पापुरता वाहतूक अहवाल. दुसरा, त्या पट्ट्यात मंजूर झालेले आणि बांधकाम चालू असलेले सगळे प्रकल्प धरून केलेला एकत्रित अहवाल. आमच्या फेडरेशनमध्ये यावर बराच खल झाला, त्यातून हाती लागलेलं इथे मांडतो. उदाहरणं ठाण्याच्या घोडबंदर रोडची आहेत, कारण मी रोज तिथेच अडकतो.

आधी एकट्याच्या अहवालाबद्दल. तो लवकर होतो आणि तपासायलाही सोपा. गेट कुठे उघडणार, गाडी वळायला जागा किती, पार्किंगचा उतार संपल्यावर रस्त्यावर येण्याआधी किती गाड्या थांबू शकतील, हे त्यात नीट दिसतं. शिवाय घातलेल्या अटी एकाच विकासकावर बांधता येतात. जुनी चाळीस घरांची इमारत पाडून पन्नास घरांची होणार असेल, तर एवढं पुरे.

अडचण पुढे आहे. समजा नाक्याची क्षमता तासाला 3,000 पीसीयू आहे (पीसीयू म्हणजे सगळी वाहनं मोटारीच्या हिशेबात मोजायचं एकक) आणि आज गर्दीच्या तासाला 2,400 येतात. आसपास सहा प्रकल्प उभे राहताहेत, प्रत्येकाची भर 90. प्रत्येकाचा अहवाल म्हणणार, आमच्यामुळे आकडा 2,490 होईल, म्हणजे क्षमतेच्या 83 टक्के, चिंता नाही. सहाही अहवाल आपापल्या जागी बरोबर. पण सहाही ठिकाणी लोक राहायला आले की आकडा 2,940, म्हणजे 98 टक्के. आणि रांग टक्क्यांच्या प्रमाणात वाढत नाही. रांगेच्या साध्या सूत्राने एका गाडीला लागणारा वेळ 80 टक्क्यांवर मोकळ्या नाक्याच्या पाचपट असतो, 83 वर जेमतेम सहापट, 98 वर पन्नासपट. सिग्नलवर आकडे थोडे वेगळे येतील, पण आलेख असाच शेवटी एकदम वर जातो.

घोडबंदरला हे जास्त जाचतं, कारण पळवाट नाही. एका बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. आतल्या कॉम्प्लेक्समधली गाडी फिरून फिरून याच रस्त्याला लागते, आणि न्हावा-शेव्याहून गुजरातकडे जाणारे कंटेनरही इथूनच जातात. अशा ठिकाणी एकट्याचा अहवाल खरा असूनही दिशाभूल करतो, असं माझं ठाम मत आहे.

एकत्रित अहवाल म्हटल्यावरही खात्री करून घ्या, कारण त्यातही दोन पद्धती आहेत. सोपी पद्धत म्हणजे आजच्या वाहतुकीला वर्षाला ठरावीक टक्के वाढ लावायची. पाच टक्क्यांनी 2,400 चे तीन वर्षांत साधारण 2,780 होतात. कागदावर एकत्रित परिणाम धरला गेला, पण कुठल्या गल्लीतून किती गाड्या बाहेर पडणार आणि उजवीकडे किती वळणार, हे त्या टक्क्यांतून कळत नाही. दुसरी पद्धत म्हणजे प्रकल्पांची प्रत्यक्ष यादी. तिला वेळ लागतो, पण ती तुम्ही स्वतः सुरू करू शकता. महारेराच्या (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) संकेतस्थळावर नोंदणी झालेल्या प्रत्येक प्रकल्पाच्या सदनिका आणि पूर्ण होण्याची तारीख दिसते. आम्ही तिघांनी दोन रविवार बसून आमच्या पट्ट्याची यादी केली, तेव्हा ज्यांचे पत्रेसुद्धा उभे राहिले नव्हते असे टॉवर त्यात सापडले. यादीतली घरं वेगळी धरायची आणि टक्क्यांची वाढ फक्त बाहेरून येऊन पुढे जाणाऱ्या वाहतुकीला लावायची, नाहीतर तीच गाडी दोनदा मोजली जाते.

कोणताही अहवाल हातात आला की मोजणीची तारीख आधी बघा. आम्हाला मिळालेल्या एका अहवालात मोजणी मे महिन्यातली होती, शाळांना सुट्टी असताना. जूनमध्ये सकाळी सात ते आठ मी त्याच नाक्यावर वही घेऊन उभा राहिलो. एका स्कूलबसने मुलं घेईपर्यंत मागे अकरा रिक्षा आणि दुचाक्यांचा घोळका. मे महिन्याच्या आकड्यांत यातलं काहीच नव्हतं.

मग दुचाकीचा गुणक बघा, म्हणजे एक दुचाकी किती पीसीयू धरली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1990 च्या आयआरसी 106 या मार्गदर्शिकेत दुचाक्यांचं प्रमाण 5 टक्के असेल तर एक दुचाकी 0.5 पीसीयू, 10 टक्के किंवा जास्त असेल तर 0.75. आपल्या शहरांत 0.75 हाच आकडा लागू होतो. तासाला 1,200 दुचाक्या असतील तर या एका गुणकाने 300 पीसीयूचा फरक पडतो, म्हणजे वरच्या उदाहरणातल्या तीन टॉवरांहून जास्त. मेट्रोमुळे गाड्या कमी होतील असं लिहिलं असेल, तर मेट्रो धरून आणि न धरून असे दोन्ही आकडे मागा.

एकत्रित अहवालाचा एक खरा तोटा आहे: जबाबदारी पातळ होते. सर्व्हिस रोड कोणी करायचा, या प्रश्नावर सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून आम्ही पत्रात दोन्ही मागितलं: नाक्याच्या क्षमतेसाठी एकत्रित अहवाल, गेट आणि पार्किंगसाठी त्या प्रकल्पाचा स्वतंत्र. सोबत एक अट सुचवली, की नाक्याचं काम झाल्याशिवाय पुढच्या टप्प्याला भोगवटा प्रमाणपत्र मिळू नये.

कायद्याचा आधार आहे. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामाला 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार मंजुरी लागते, आणि त्या अर्जाच्या प्रपत्र 1 मधला 9.4 हा मुद्दा जवळच्या चालू किंवा नियोजित प्रकल्पांसोबतच्या एकत्रित परिणामाबद्दलच आहे. तिथे नुसतं ‘नाही’ लिहिलेलं दिसलं, तर तुमची यादी त्याच पानाला जोडा. गृहप्रकल्पांना या अधिसूचनेत जनसुनावणी नाही, त्यामुळे तुम्हाला कोणी बोलावणार नाही. मंजुरीआधी राज्याच्या मूल्यांकन समितीकडे पत्र आपणच द्यायचं, आणि त्याची पोच घेऊन ठेवायची.